कंपनीने हात वर केल्यावर

१८ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेतल्या ह्युलेट-पॅकार्ड म्हणजेच एचपी कंपनीने आपले तिमाही आकडे जाहीर केले आणि त्यासोबत काही मोठे निर्णयही सांगून टाकले. संगणक बनवण्याचा धंदा वेगळा काढण्याचा विचार चालू आहे, ऑटोनॉमी ही ब्रिटिश सॉफ्टवेअर कंपनी दहा अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेणार आहोत, आणि वेबओएसवर चालणारे फोन व टचपॅड नावाचा टॅबलेट यापुढे बनवणार नाही. टचपॅड अमेरिकेतल्या दुकानांत आला होता १ जुलैला. म्हणजे त्याला बाजारात येऊन धड सात आठवडेही झाले नव्हते. ऑस्ट्रेलियात तर तो त्याच आठवड्यात विक्रीला लागला होता.

टचपॅडबद्दल लिहिले जाते ते बहुधा इथेच संपते. एका मोठ्या कंपनीची फसलेली चाल, एवढीच त्याची नोंद राहते. मला मात्र त्याच्यापुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. घरोघरच्या कपाटांत आज असे टॅबलेट पडून आहेत, ज्यांची काच शाबूत आहे, आवाज नीट येतो, बटणे चालतात, पण कंपनीने त्यांच्याकडे पाठ फिरवली आहे. अशा उपकरणाचे नेमके काय आणि कोणत्या क्रमाने बिघडते, काय वाचवता येते आणि ते कोण वाचवते, हे समजून घ्यायला टचपॅडइतके चांगले उदाहरण नाही. त्याचे जवळजवळ सगळे आयुष्यच कंपनीने सोडल्यानंतरचे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. वेबओएस ही पाम कंपनीची निर्मिती. ६ जून २००९ रोजी अमेरिकेत पाम प्री हा फोन आला, त्याच्यासोबत ही प्रणाली आली. उघडलेले प्रत्येक काम पडद्यावर एका पत्त्यासारखे दिसायचे. बोटाने डावीउजवीकडे सरकवत एका कामातून दुसऱ्यात जायचे आणि काम संपले की तो पत्ता वर भिरकावून द्यायचा. आज कोणत्याही फोनवर आपण हेच करतो आणि त्यात काही नवल वाटत नाही. २००९मध्ये मात्र ते अगदी नवे होते. या रचनेमागे ज्यांचे मोठे काम होते ते मातियास दुआर्ते २०१०मध्ये गूगलकडे गेले आणि अँड्रॉइडच्या रूपावर त्यांचा ठसा उमटला. त्याच वर्षी एचपीने १.२ अब्ज डॉलर मोजून पाम विकत घेतली.

टचपॅड हा या खरेदीतून आलेला टॅबलेट. ९.७ इंचांचा पडदा, क्वालकॉमचा १.२ गिगाहर्ट्झचा दोन गाभ्यांचा प्रोसेसर, एक जीबी रॅम, ६३०० एमएएचची बॅटरी. पाठीमागे कॅमेरा नाही, पुढे एक साधा. टचस्टोन नावाच्या स्टँडवर नुसता टेकवला की तारेशिवाय चार्ज व्हायचा. किंमत ४९९ डॉलरपासून पुढे, म्हणजे आयपॅड २ इतकीच. पण आयपॅड २ सुमारे ६०० ग्रॅमचा आणि हा ७४० ग्रॅमचा. शिवाय ॲपची मोठी वानवा, आणि सुरुवातीच्या आवृत्तीत पडदा अडखळायचा. तरीही ज्यांनी तो मनापासून वापरला त्यांना त्याची सवय लागली, आणि ती का लागली हे मला पटते. एका पत्त्यात ईमेल, त्यावर टेकवलेल्या दुसऱ्या पत्त्यात त्या ईमेलमधून उघडलेले वेबपान, अशी कामांची चळत आपोआप लागायची. माणूस टेबलावर कागद मांडून बसतो तसे काम करता यायचे.

बंद करण्याची घोषणा झाली तेव्हा दुकानांत माल पडून होता. बेस्ट बाय या साखळीने पावणेतीन लाखांच्या आसपास नग घेतले आणि त्यातले जेमतेम पंचवीस हजार खपले, अशी बातमी त्याच आठवड्यात आली होती. मग २० ऑगस्टच्या सुमारास अमेरिका आणि कॅनडात किंमत थेट ९९ डॉलरवर आणली गेली, मोठ्या साठवणक्षमतेचा नग १४९ला. एकच झुंबड उडाली. दुकानांबाहेर रांगा लागल्या, विक्रीच्या साइट कोलमडल्या. मागणी एवढी वाढली की एचपीने महिनाअखेरीस जाहीर केले, आणखी एक शेवटचा लॉट बनवू. बनवणे बंद केलेली वस्तू पुन्हा बनवायला घ्यावी लागली! एनपीडी या बाजारपाहणी करणाऱ्या संस्थेने पुढे दिलेल्या आकड्यांनुसार २०११च्या पहिल्या दहा महिन्यांत अमेरिकेत आयपॅड सोडून जे टॅबलेट विकले गेले, त्यांत एचपी १७ टक्के वाटा घेऊन पहिली आली. यातले बहुसंख्य नग मृत्यू जाहीर झाल्यानंतर विकले गेले होते.

त्या रांगांतली माणसे नवी वस्तू स्वस्तात मिळते म्हणून आली होती, हे खरे. पण त्यांतल्या पुष्कळांना पक्के ठाऊक होते की आपण अशी वस्तू घेत आहोत जिच्यामागे आता कंपनी नाही. हार्डवेअर उत्तम आहे, बाकीचे आपण बघून घेऊ, असा त्यांचा हिशेब होता. पुढचे सगळे या हिशेबातून घडले.

आता मूळ प्रश्न. १८ ऑगस्टला कंपनीने हात वर केले म्हणजे १९ ऑगस्टच्या सकाळी टचपॅडमध्ये काय बदलले? काहीच नाही. सगळे आदल्या दिवशीसारखेच चालत होते. टॅबलेट त्या क्षणी बंद पडत नाही. त्याच्याभोवतीचे जग हळूहळू बंद होत जाते. घर तेच राहावे, पण गावातले दुकान, पोस्ट, दवाखाना एकेक करून उठून जावेत, तसे हे घडते. आणि हा क्रम जवळजवळ प्रत्येक उपकरणाच्या बाबतीत सारखाच असतो.

सगळ्यात आधी नवी ॲप येणे थांबते. गिऱ्हाईक वाढणार नाही तिथे कोणी ॲप का बनवील? मग अपडेट थांबतात. टचपॅडसाठी शेवटचे अधिकृत अपडेट, वेबओएस ३.०.५, जानेवारी २०१२मध्ये आले. त्यानंतर असलेली ॲप एकेक करून मुकी होतात, कारण ती ज्या दूरच्या सर्व्हरशी बोलत असतात त्यांची बोलण्याची पद्धत बदलते. टचपॅडच्या जाहिरातीत एक गोष्ट ठासून सांगितली जायची, की याच्यावर फ्लॅश चालते, आयपॅडवर चालत नाही. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅशच बंद केले. ज्या गुणासाठी एखादी वस्तू घेतली तो गुणच जगातून नाहीसा होतो, आणि यात वस्तूचा काही दोष नसतो.

खरा घाव मात्र १५ जानेवारी २०१५ रोजी बसला. त्या दिवशी एचपीने वेबओएसचे ॲपचे दुकान आणि त्यामागच्या खात्यांचे सर्व्हर बंद केले. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. टचपॅड कोरा करून पुन्हा सुरू केला की तो पहिल्यांदा भाषा विचारतो, मग वाय-फाय जोडायला सांगतो, आणि मग वेबओएसच्या खात्यात प्रवेश करायला सांगतो. खाते तपासणारा सर्व्हर जिवंत असेल तरच पुढचा पडदा उघडतो. सर्व्हर गेल्यावर इथे येऊन माणूस अडकतो. पासवर्ड बरोबर असो की चूक, उत्तर द्यायला पलीकडे कोणी नाही. म्हणजे चालू असलेला टचपॅड चालत राहिला, पण ज्याने त्या तारखेनंतर तो रीसेट केला त्याच्या हातात एक चमकदार काळी पाटी राहिली. बिघाड म्हणावा तर एकही भाग बिघडलेला नाही.

म्हणून कोणत्याही सोडून दिलेल्या टॅबलेटबाबत पहिला नियम हाच, की अडखळतो आहे, मंद झाला आहे, म्हणून सहज रीसेट करू नये. ‘एकदा सगळे पुसून नव्याने सुरू करू’ हा सल्ला नव्या उपकरणासाठी ठीक आहे. जुन्यासाठी तो घातक ठरू शकतो, कारण पुसणे आपल्या हातात असते, पण पुन्हा सुरू होण्यासाठी कोणाची तरी परवानगी लागते. आधी तपासा की त्याला सुरू होताना कोणते खाते लागते आणि ते खाते देणारा अजून आहे का.

टचपॅडवाल्यांना यातून वाट सापडली. ती का सापडली, हा या प्रकरणाचा गाभा आहे. पामने वेबओएस बनवताना एक दार मुद्दाम उघडे ठेवले होते. शोधाच्या चौकटीत ‘वेबओएस’ आणि त्यापुढे २००९०६०६ हे आकडे, म्हणजे पाम प्री आला ती तारीख, टाइप केली की डेव्हलपर मोडचे चिन्ह दिसायचे. ते चालू केले की टॅबलेट केबलने संगणकाला जोडून त्याच्या आत हवे ते करता यायचे. त्यासाठी कुलूप फोडावे लागत नव्हते. या दारातून स्वयंसेवकांची एक फळीच आत आली होती. वेबओएस इंटर्नल्स या गटाने प्रीवेअर नावाचे स्वतःचे दुकान उभे केले होते. कंपनीच्या दुकानात न मिळणारी ॲप आणि प्रणालीत केलेल्या दुरुस्त्या तिथून मिळत. प्रोसेसरचा वेग वाढवणाऱ्या, अडखळणे कमी करणाऱ्या, कंटाळवाण्या नोंदी बंद करणाऱ्या दुरुस्त्या होत्या. एचपीने या गटाला हाकलले नाही. उलट २०१०मध्ये त्यांना एक सर्व्हर भेट दिला. कंपनीने टचपॅड सोडला तेव्हा तो सांभाळू शकणारी माणसे आधीपासून तयार होती. खात्याच्या त्या पडद्याला वळसा घालण्याची युक्तीही केबल आणि संगणकावरचे एक छोटे साधन एवढ्यावर भागली.

याच्या शेजारी पहिला आयपॅड ठेवून पाहा. तो एप्रिल २०१०मध्ये आला, त्याचे शेवटचे अपडेट ५.१.१ हे मे २०१२चे. त्यानंतर तोही मागे पडला, आणि त्याच्यावर दुसरी कोणतीही प्रणाली टाकून तो रोज वापरता येईल अशी सोय झाली नाही. बनवणारी कंपनी जोरात चालू आहे, तरी त्या टॅबलेटचे भविष्य तिने ठरवले तिथे थांबले. टचपॅडची कंपनी पळून गेली, तरी त्याला दुसरे आयुष्य मिळाले. उपकरण किती टिकेल हे ओळखायचे असेल तर मी कंपनीच्या आकारापेक्षा हे दार उघडे आहे का हे आधी बघीन.

दुसरे आयुष्य अँड्रॉइडचे होते. स्वस्तात विकल्या गेलेल्या नगांपैकी मोजके नग चुकून अँड्रॉइड असलेले निघाले, बहुधा कारखान्यातल्या चाचणीचे. तेव्हा हे हार्डवेअर अँड्रॉइड चालवू शकते याची खात्री पटली. सायनोजेनमॉड या प्रकल्पातल्या लोकांनी ऑक्टोबर २०११मध्ये पहिली कच्ची आवृत्ती बाहेर काढली, अँड्रॉइड २.३वर आधारलेली. जानेवारी २०१२मध्ये अँड्रॉइड ४ची आवृत्ती आली. एचपीनेही आपल्याकडचा अँड्रॉइड कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, स्रोत त्यांना दिला. वेबओएस पुसावे लागत नव्हते. सुरू होताना एक छोटी यादी यायची आणि आवाजाच्या बटणाने वेबओएस की अँड्रॉइड ते निवडायचे.

मराठी वाचकासाठी या दोन आवृत्त्यांतला फरक फार मोठा होता. मूळ अँड्रॉइड २.३वर देवनागरी मजकूर उघडला की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत. देवनागरीचा फॉन्ट अँड्रॉइड ४ पासून प्रणालीतच आला. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला असा टॅबलेट ज्यांच्याकडे असेल, त्यांना मराठी वर्तमानपत्राची साइट वाचता येणार की नाही हे कंपनीच्या मर्जीवर नाही, तर स्वयंसेवकांनी केलेल्या या उडीवर ठरत होते.

हे काम सोपे नव्हते आणि पूर्णही कधी झाले नाही. कॅमेरा आणि मायक्रोफोन चालायला बराच काळ गेला. कारण असे की, टॅबलेटमधल्या प्रत्येक चिपशी बोलायला प्रणालीला एक ड्रायव्हर लागतो, आणि यातले बरेच ड्रायव्हर चिप बनवणाऱ्याने बंद डब्यात दिलेले असतात. आत काय आहे ते दिसत नाही, दुरुस्त करता येत नाही. टचपॅडचे ड्रायव्हर लिनक्स कर्नलच्या २.६.३५ या आवृत्तीला बांधलेले होते. नवी प्रणाली नवा कर्नल मागते, जुना ड्रायव्हर त्याच्यावर बसत नाही. २०११च्या डिसेंबरात एचपीने वेबओएस मुक्तस्रोत करण्याची घोषणा केली तेव्हा टचपॅडवाल्यांना मोठी आशा वाटली होती. सप्टेंबर २०१२मध्ये ओपन वेबओएस १.० आले आणि ते ज्याच्यासाठी वाट पाहिली त्या टचपॅडवरच अधिकृतपणे चालणार नव्हते. अडचण हीच, बंद डब्यातल्या ड्रायव्हरांची. स्रोत खुला करणे पुरेसे नसते. हार्डवेअरचा तळाचा थर खुला नसेल तर वरचा थर हवेत राहतो.

आणि सांभाळणारेही कायम राहत नाहीत. सायनोजेनमॉड स्वतः डिसेंबर २०१६मध्ये बंद झाले. त्याचे काम लिनिएजओएस या नावाने इतरांनी पुढे नेले. टचपॅडसाठी इव्हरव्हॉल्व्हसारख्या प्रकल्पांनी त्यापुढेही अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणल्या. सोडून दिलेल्या उपकरणाचा मालक एका कंपनीवर अवलंबून राहत नाही, पण मोजक्या माणसांच्या रिकाम्या वेळेवर अवलंबून राहतो. म्हणून लागणाऱ्या सगळ्या फायली, स्थापना करण्याची साधने आणि सूचना आपल्या संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवणे हे पहिल्या आठवड्यातले काम आहे. वेबवरचा दुवा पाच वर्षांनी जिवंत असेल असे गृहीत धरू नये. वेबओएसच्या बाबतीत ॲपच्या दुकानातली हजारो ॲप काही उत्साही लोकांनी जपून ठेवली आणि त्यांचे संग्रहालय उभे केले, म्हणून ती आजही मिळतात. सगळ्या सोडलेल्या उपकरणांचे नशीब एवढे चांगले नसते.

सॉफ्टवेअरचे एवढे झाल्यावर बॅटरीकडे येऊ. कपाटातला टॅबलेट सगळ्यात आधी इथे अडतो. लिथियम-आयन बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते. एका मर्यादेखाली व्होल्टेज गेले की आतले संरक्षक सर्किट तिला वेगळे पाडते आणि टॅबलेट मेल्यासारखा वाटतो. टचपॅडमध्ये चार्जिंगवर देखरेख ठेवणारी स्वतंत्र छोटी चिप आहे आणि बॅटरी पूर्ण रिकामी झाली की ती चिपच कधीकधी गोंधळून बसते. चार्जर लावला तरी पडद्यावर काही येत नाही. माणूस तासभर वाट पाहतो आणि टॅबलेट भंगारात टाकतो. ही घाई नको.

आधी चार्जर पाहावा. टचपॅडचा मूळ चार्जर गोल नळकांड्यासारखा आहे, दोन अँपिअरचा. त्याचा पिनांचा भाग फिरवून बसवायचा असतो. तो पुरता फिरलेला नसेल तर चार्जर भिंतीत आहे असे दिसते पण वीज पोहोचत नाही. साधा फोनचा चार्जर किंवा संगणकाचे यूएसबी पोर्ट यांची ताकद इथे पुरत नाही. केबल आखूड आणि जाड असलेली बरी. बारीक केबलमध्येच बराच दाब खर्ची पडतो. मग टॅबलेट रात्रभर, गरज पडली तर पूर्ण दिवस, नजरेखाली चार्जिंगला ठेवावा. त्यानंतर खालचे होम बटण आणि वरचे पॉवर बटण एकत्र दाबून अर्धा मिनिट धरून ठेवावे. चालला तर आधी कंपनीचे बोधचिन्ह उमटते आणि त्यानंतर सुरू होण्याचा पडदा येतो. नाही चालला तर आवाज वाढवण्याचे आणि पॉवरचे बटण एकत्र धरावे. पडद्यावर यूएसबीचे मोठे चिन्ह आले, तर टॅबलेटचा मेंदू जागा आहे आणि संगणकाला जोडून पुढचे उपचार करता येतात. ते चिन्ह दिसले की निम्मी लढाई जिंकली असे समजायला हरकत नाही.

एकदा जागा झाल्यावर पुन्हा तसा रिकामा होऊ देऊ नये. वापरणार नसाल तेव्हा बॅटरी ४० ते ५० टक्क्यांवर ठेवून टॅबलेट पूर्ण बंद करावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी तपासावा. पूर्ण भरून ठेवणेही वाईट आणि ऊन तर त्याहून वाईट. विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेली बॅटरी एका उन्हाळ्यात बरीच म्हातारी होते. पाठ फुगली, झाकणाची फट वाढली, पडदा एका बाजूने उचलला गेला, तर चार्जर काढून टाकायचा आणि तो टॅबलेट पुन्हा चार्ज करायचा नाही. दाबून बसवायचा प्रयत्न तर मुळीच करायचा नाही. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. बदलायला नवी बॅटरी शोधताना हेही ध्यानात ठेवावे, की मूळ कंपनीने बनवणे थांबवले असेल तर ‘नवी’ म्हणून मिळणारी मूळ बॅटरीसुद्धा तेवढीच वर्षे गोदामात पडून असते.

टॅबलेट उठला, चार्ज झाला, वाय-फाय लागले, तरी वेबसाइट उघडत नाहीत. ही पुढची पायरी. आज जवळजवळ प्रत्येक साइट सुरक्षित जोडणी मागते. त्यासाठी टॅबलेटमध्ये दोन गोष्टी लागतात: जोडणीची चालू पद्धत, आणि समोरची साइट खरी आहे हे पटवणाऱ्या संस्थांच्या मूळ प्रमाणपत्रांची यादी. दोन्ही कालबाह्य होतात. वेबओएसला जुनी पद्धत येते आणि ती मोठ्या ब्राउझरांनी २०२०च्या सुमारास टाकून दिली. प्रमाणपत्रांवर तर एक्स्पायरीची तारीखच असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असे एक फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे मूळ प्रमाणपत्र संपले आणि जगभरच्या कितीतरी जुन्या उपकरणांना रातोरात साइट ‘असुरक्षित’ दिसू लागल्या. त्यात आणखी एक साधी गोष्ट असते, ती म्हणजे घड्याळ. बॅटरी रिकामी झाली की तारीख मागे जाते. टॅबलेटच्या हिशेबी साल जुने असेल तर आजचे प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेले वाटते आणि तो जोडणी नाकारतो. त्यामुळे काही उघडत नसेल तर सर्वांत आधी तारीख नीट करावी. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. टचपॅडवाल्यांनी प्रमाणपत्रांची नवी यादी टाकण्याची सोय केली, आणि घरातल्या दुसऱ्या संगणकाला मध्यस्थ ठेवून त्याच्यामार्फत साइट आणण्याची युक्तीही काढली.

अँड्रॉइड टाकलेल्या टॅबलेटचीही मुदत असतेच. गूगलने आपल्या प्ले सेवांचा आधार अँड्रॉइड ४.०साठी २०१९च्या सुमारास, ४.१ ते ४.३साठी २०२१मध्ये आणि ४.४साठी २०२३मध्ये काढून घेतला. २.३ असलेल्या उपकरणांवर सप्टेंबर २०२१पासून गूगल खात्यात प्रवेशही करता येत नाही.

तेव्हा एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. ज्याला सुरक्षेची अपडेट मिळत नाहीत त्या टॅबलेटवर बँकेचे काम करू नये, यूपीआय नको, मुख्य ईमेलचा पासवर्ड नको. वेगळे खाते, तेही बिनमहत्त्वाचे, एवढेच त्याला द्यावे. जमल्यास वाय-फायचे पाहुण्यांसाठीचे वेगळे जाळे द्यावे. यावर तडजोड नको, कितीही जीव जडलेला असो. पण इंटरनेटवर फिरणे म्हणजेच टॅबलेटचा उपयोग, हे मात्र मला मान्य नाही. ९.७ इंचांचा, चार बाय तीन आकाराचा पडदा छापील पानाच्या जवळ जाणारा आहे. पीडीएफ पुस्तके वाचायला तो आजच्या लांबट टॅबलेटपेक्षा बरा. संगीताचा रियाज करणाऱ्याला तानपुरा आणि तबल्याची रेकॉर्डिंग वाजवायला, स्वयंपाकघरात पाककृती समोर ठेवायला, फोटो दाखवायला, वाय-फाय बंद ठेवून मुलांना गोष्टी ऐकवायला तो बिनतक्रार चालतो. एक काम ठरवून द्यावे आणि त्याच्याकडून तेवढेच घ्यावे.

वेबओएसचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे, कारण ते आपल्या घरापर्यंत आले आहे. २०१३मध्ये कोरियाच्या एलजी कंपनीने ते एचपीकडून घेतले आणि २०१४पासून आपल्या टीव्हीत बसवले. महाराष्ट्रात ज्या घरांत एलजीचा स्मार्ट टीव्ही आहे, तिथे पामने फोनसाठी लिहायला घेतलेली प्रणाली रोज संध्याकाळी चालू असते. त्या टीव्हीचीही कधीतरी अपडेट थांबतील, आणि वर सांगितलेला क्रम तिथेही जसाच्या तसा लागू होईल.

कायद्याला हे सगळे उशिरा सुचले, पण सुचले आहे. युरोपीय संघात २० जून २०२५पासून फोन आणि टॅबलेटसाठी नवा नियम लागू झाला. त्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुदत मोजण्याचा आरंभबिंदू. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आणला त्या दिवसापासून किमान पाच वर्षे प्रणालीची अपडेट, आणि त्याच दिवसापासून सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग. गिऱ्हाईकाने घेतल्याची तारीख नाही, मॉडेल आल्याची तारीख नाही. विक्री बंद झाली तिथून घड्याळ सुरू. असा नियम २०११ साली अमेरिकेत असता तर ९९ डॉलरचा टचपॅड घेणाऱ्यालाही पाच वर्षे अपडेट मागता आली असती. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, तिथे कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि वापरून झालेली उपकरणे योग्य रीतीने मार्गी लावण्याची जबाबदारी ते उत्पादकावर टाकतात. या कशातही एक तरतूद मला दिसत नाही. सर्व्हर बंद करणाऱ्या कंपनीने त्याआधी खाते न विचारता सुरू होणारी आवृत्ती दिली पाहिजे, आणि कुलूप उघडण्याची किल्लीही मालकाच्या हाती सोपवली पाहिजे. यात कंपनीचा खर्च एका शेवटच्या अपडेटएवढा. त्यावाचून अडते ते विकल्या गेलेल्या प्रत्येक नगाचे.

सगळे करूनही एखादा नग उठत नाही. तेव्हा तो लगेच टाकू नये. फुगलेली किंवा गेलेली बॅटरी ई-कचरा केंद्रात द्यावी. भंगारवाल्याच्या पोत्यात ती जाऊ नये, कारण तिथे ती ठेचली जाते. आतली माहिती पुसता येत असेल तर पुसावी. नसेल तर मदरबोर्ड आपल्याजवळ ठेवावा. बाकी पडदा, काच, होम बटण, चार्जिंगचे पोर्ट, स्पीकर हे भाग ज्याचा टचपॅड अजून चालतो त्याच्यासाठी सोन्यासारखे आहेत, कारण हे भाग आता कोणी बनवत नाही. चालणाऱ्या नगाला पोर्ट मिळेल ते न चालणाऱ्यातूनच.